अर्धा मेदूवडा शेजारी

घरात देव्हाऱ्याची दिशा गुरुजी सांगतात, तिजोरीची वास्तुशास्त्रवाला सांगतो आणि टीव्हीची जागा सोफा ठरवतो. राउटर कुठे लागणार, हे मात्र खिडकीबाहेर छज्ज्यावर उभा असलेला, पाठीला सॅक लावलेला एक मुलगा ठरवतो. त्याच्या ड्रिलला जी भिंत कमीत कमी त्रास देईल तिथे भोक पडतं. भोकातून वायर आत येते आणि जिथे ती आत येते तिथेच दोन स्क्रू मारून कंपनीचा डबा टांगला जातो. घरमालक भीतभीत विचारतो, "अरे, जरा हॉलमध्ये मधोमध नाही का लावता येणार?" मुलगा वायरचं वेटोळं आवरता आवरता म्हणतो, "काका, वायफाय आहे ना ते. वायफाय सगळीकडे येतं." या वाक्याला आजवर एकाही घरमालकाला उत्तर सुचलेलं नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरात इंटरनेट ड्राय बाल्कनीतून आलं. डक्ट तिथेच आहे, त्यामुळे सांडपाण्याच्या पाइपांच्या सोबतीने वायर गच्चीवरून खाली उतरते. डबा लागला स्वयंपाकघराच्या पार कोपऱ्यात. डावीकडे फ्रिज, खाली मायक्रोवेव्ह आणि पाठीला दामलेकाकांच्या बेडरूमची भिंत. धूळ बसू नये म्हणून आईने दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. रुमालाखाली डबा तापायचा, मग आई हात लावून म्हणायची, "बघ, रात्रभर चालू ठेवता, तापणार नाही तर काय होईल?"

प्लॅन २०० एमबीपीएसचा. ते २०० आमच्या घरापर्यंत येतात, यात शंका घ्यायला जागा नाही. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वाटेत एका तंतूचे फाटे होऊन बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटले जातात आणि वीस किलोमीटरवरूनही तो प्रकाश न दमता येऊ शकतो. एवढा प्रवास करून तो आमच्या मायक्रोवेव्हच्या वर पोचतो आणि तिथून तीस फुटांवरच्या बेडरूमपर्यंत जायला त्याला जमत नाही. बेडरूममध्ये मोजलं तर कधी दीड एमबीपीएस, कधी एक. केंद्र सरकारने २०२३ साली ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस केली. म्हणजे सरकारी व्याख्येनुसार आमचं स्वयंपाकघर ब्रॉडबँडमध्ये मोडत होतं, बेडरूम मोडत नव्हती.

बरं, बिनतारी लहरींना भिंती नव्या आहेत असंही नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लहरी भिंतींतून पलीकडे पाठवून तिकडची घंटा वाजवून दाखवली होती. वाटेत खुद्द लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्यांच्या देहातूनही त्या लहरी आरपार गेल्या. त्यांना अख्खा लाटसाहेब पार करता आला, आमच्यांना फ्रिज करता येईना. कारण साधं आहे. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं, सळ्यांची काँक्रीट भिंत त्यांचा जीव काढते आणि आमच्या वाटेवर हे तिन्ही एका रांगेत उभे होते. त्यात कंपनीचा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारा. मायक्रोवेव्हही साधारण तेवढ्यावरच चालतो. आई दूध गरम करायला लागली की आमचे रिजनल मॅनेजर अर्ध्या वाक्यात गोठायचे. दूध उकळायचं, साहेब थंड.

बायको आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते. महत्त्वाची मीटिंग असली की ती लॅपटॉप घेऊन गॅसशेजारी स्टुलावर बसायची. म्युटचं बटण दाबेपर्यंत कुकर बोलून जायचा. तिच्या टीममधला एक सज्जन सहकारी तर कामाच्या भरातही हिशेब ठेवायचा. "मॅडम, तिसरी झाली," असं त्याने एकदा जर्मन क्लायंटसमोर सांगितलं. क्लायंटने ते मिनिट्समध्ये घ्यायला लावलं.

"तो डबा बदला," हे ती त्याच दिवशी म्हणाली. आता कुणालाही वाटेल की घरात सगळ्यांनी एकमुखाने हो म्हटलं असेल. खराब वायफाय कोणालाच नको असतं, असा एक भाबडा समज आहे. आमच्याकडे ठराव मांडला गेला आणि अनुमोदन द्यायला कोणी पुढे येईना.

पहिला विरोध चिरंजीवांचा. तो बारावीला आहे आणि क्लासची टेस्ट ऑनलाइन असते. "सबमिट होता होता नेट गेलं" या एका वाक्यावर त्याने पहिली सहामाही काढली होती. तो म्हणाला, "बाबा, उगाच खर्च कशाला? माझं भागतंय." मुलगा आपणहून काटकसर सुचवतो तेव्हा बापाने सावध व्हायला हवं, पण मीही त्या वेळी फारसा उत्सुक नव्हतो. आमच्या ऑफिसात सोमवारी दहाला आढावा बैठक असते. "सर, बँडविड्थचा प्रॉब्लेम आहे, कॅमेरा बंद ठेवतो" असं म्हणून मी त्या तासाभरात मटार सोलून घेत असे. सीझनमध्ये दोन किलो व्हायचे.

दुसरा विरोध आईचा. न्यू जर्सीच्या वन्संचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. वन्संचा गुडघा बदलला त्याला आता बराच काळ लोटला, पण ऑपरेशन अजून सांगून व्हायचं आहे. आईने त्यावर एक उपाय शोधला होता, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. ऑपरेशन भुलीच्या इंजेक्शनपर्यंत आलं की आई एकदम स्तब्ध व्हायची. तोंड किंचित उघडं, एक हात हवेत, डोळ्यांची पापणीसुद्धा हलवायची नाही. पलीकडून आवाज यायचा, "वहिनी? वहिनी, तुम्ही अडकलात वाटतं." आई मिनिटभर तशीच. वन्सं नाइलाजाने फोन ठेवायच्या. मग आई हात खाली घेऊन निवांत चहा ठेवायला उठायची. पंचाहत्तरीत एवढं स्थिर बसता येणं हे योगासनांचंच फळ, असं ती सांगते.

तिसरा आणि सर्वांत मुद्देसूद विरोध शेजारच्या दामलेकाकांचा. काका दूरसंचार खात्यातून निवृत्त. इंटरनेट या विषयावर त्यांच्याशी बोलायला बसलं की ते १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. मोडेम कसा किंचाळायचा ते काका तोंडाने करून दाखवतात. "२००४ च्या धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणायचे, ठाऊक आहे? तुझा प्लॅन त्याच्या पावणेआठशे पट आहे! आणि तुला कमी पडतंय? अरे, चांगला चाललेला डबा बदलू नये. कंपनीने विचार करूनच दिलेला असतो." एवढं तळमळीने परक्याच्या राउटरबद्दल कोणी बोलतं तेव्हा मन भरून येतं.

म्हणून आधी कंपनीकडे तक्रार केली. फोनवरच्या मुलीने विचारलं, "सर, लाल लाइट लागलीय का?" नाही. "मग राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा." भारतातल्या सर्व बिघाडांचं निदान या दोन वाक्यांत होतं. तिसरं वाक्य फक्त तक्रार क्रमांक सांगण्यासाठी असतं.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. बूट काढून थेट स्वयंपाकघरात गेला, क्रोशाचा रुमाल अदबीने बाजूला केला, आपला मोबाइल डब्याला जवळजवळ टेकवला आणि स्पीड टेस्ट लावली. काटा सरसर वर गेला. "बघा सर, ८० येतंय." मी म्हटलं, "पण प्लॅन २०० चा आहे." "सर, वायफायवर एवढंच येणार. केबल लावा, पूर्ण येईल." "आणि बेडरूममध्ये?" त्याने बेडरूमच्या दिशेला पाहिलं. तिकडे जायची मात्र त्याची तयारी दिसेना. "सर, कंपनीची जबाबदारी डब्यापर्यंत. पुढे हवा आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा ना. तक्रार क्लोज करायची आहे." मी ओटीपी सांगितला. तक्रार सुटली. स्पीड तोच राहिला. पाच तारे द्यायची विनंती त्याने जिन्यातून केली.

त्या माणसाचं एक मात्र पटलं. कंपनीच्या डब्याकडे दोन खाती असतात. प्रकाशाची वीज करणं हे पहिलं, आणि ती घरभर वाटणं हे दुसरं. पहिलं खातं तो चोख सांभाळतो. त्याला हात लावायचं कारण नाही. दुसरं तो फुकट मिळालाय म्हणून आपण त्याच्याकडे राहू देतो. तेवढं काढून घेतलं की काम झालं.

राउटर आणायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. ऑनलाइन स्वस्त मिळतो हे मला कळत होतं, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून वायरींच्या त्या जंगलात शिरल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक वस्तू घेतल्याचं समाधान आमच्या पिढीला मिळत नाही. दुकानदाराने वर न बघताच विचारलं, "कितना बीएचके?" म्हटलं, दोन. त्याने सहा अँटेनांचा एक उभा केला. मी थोडा रेंगाळलो, तसा आठ अँटेनांचा काढला. अँटेना वाढवल्या की गिऱ्हाईक गप्प होतं, हा त्याचा अनुभव. खोक्यावर छापलं होतं, कव्हरेज दोन हजार चौरस फूट. मी विचारलं, "कार्पेट की सुपर बिल्टअप?" तो हसला नाही. फक्त म्हणाला, "डोंबिवली?"

खोक्यावरचे आकडे हा एक वेगळाच साहित्यप्रकार आहे. ‘एएक्स ३०००’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, तीन हजारचा वेग. प्रत्यक्षात तो २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची बेरीज असते आणि ती पूर्ण तीन हजारही होत नाही, चोवीस कमी पडतात ते कंपनी पदरचे घालते. शिवाय हे प्रयोगशाळेतलं गणित; तुमचा फोन सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतो. दोनशेचा प्लॅन असलेल्याने तीन हजारच्या वाटेला जायची गरजच नाही. दोन गोष्टी पाहिल्या की पुरे. डबा दोन्ही पट्ट्यांवर बोलणारा हवा, आणि बाहेरून येणारी वायर जिथे खोचतात ते पोर्ट गिगाबिटचं हवं. ते शंभराचंच असेल, तर दोनशेचा प्लॅन उंबरठ्यावरच निम्मा होतो. मी चार अँटेनांचा, त्यातल्या त्यात गरीब दिसणारा घेतला. दुकानदाराच्या नजरेतून मी तिथेच उतरलो.

खरी लढाई त्यानंतरची. जुन्या डब्याला ‘ब्रिज मोड’मध्ये टाकावं लागतं, म्हणजे आलं ते मुकाट्याने पुढे ढकलायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. तसं केलं नाही तर दोन्ही डबे पत्ते वाटत बसतात आणि चिरंजीवांचा गेम रुसतो. (या एका मुद्द्यावर त्याने बिनशर्त पाठिंबा दिला.) फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, ब्रिज म्हणजे कुठला ब्रिज?" मग वरचे साहेब आले. त्यांना ब्रिज मोड ठाऊक होता, पण नव्या राउटरमध्ये भरायचा युजर आयडी आणि पासवर्ड सांगता येत नव्हता. "सर, सिक्युरिटीचा प्रश्न आहे." कनेक्शन माझं, बिल माझं, पासवर्डही माझाच, फक्त तो मला कळणं धोक्याचं. शेवटी त्या ओटीपीवाल्या मुलालाच फोन केला. त्याने चालत्या बाइकवरून, हॉर्नच्या वर आवाज काढून, पासवर्ड एकेक अक्षर ओरडून सांगितला. कल्याण शीळ रोडवरच्या बऱ्याच जणांकडे तो आता असेल. त्या रात्रीच त्याने त्यांच्या सिस्टिमवरून ब्रिज मोड करून दिला आणि यावेळी ओटीपीही मागितला नाही.

मग इलेक्ट्रिशियनला बोलावून ड्राय बाल्कनीपासून हॉलपर्यंत केबल ओढली. ती स्कर्टिंगच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून नेली, त्यामुळे बायकोच्या दृष्टीने राउटरपेक्षा पट्टीचा रंग हा मोठा विषय ठरला. टीव्हीच्या मागे ठेवायचा हट्ट आईचा होता, म्हणजे दिसणार नाही. पण टीव्हीच्या पत्र्याआड ठेवायचा तर फ्रिजने काय वाईट केलं होतं? पुस्तकांच्या शेल्फवर, घराच्या जवळजवळ मधोमध त्याची स्थापना झाली. आधीच्या अनुभवावरून क्रोशाच्या रुमालाला बंदी घातली.

अँटेना ताठ उभ्या करताना मी घरच्यांना त्यामागचं शास्त्र समजावलं. लोकांना वाटतं, अँटेनाच्या टोकातून किरण निघतात, म्हणून ते टोक बेडरूमकडे रोखून ठेवतात. खरं तर उभ्या अँटेनाभोवती लहरी पसरतात त्या मेदूवड्याच्या आकारात. अँटेना वड्याच्या भोकात उभी आणि वडा चहूकडे आडवा. म्हणून राउटर मधोमध असला तर वडा घरात मावतो. कोपऱ्यात असला तर...

इथे मी थांबलो. चिरंजीवांनी वाक्य पुरं केलं. "तर अर्धा वडा दामलेआजोबांकडे."

मग चॅनेल. बिल्डिंगमधली नेटवर्कं फोनवर पाहिली तर यादी संपेना. ‘मोरया’, ‘अण्णा२’, ‘पासवर्ड मागू नये’, ‘सोसायटी मेंटेनन्स भरा’. ही शेवटची बहुधा सेक्रेटरींची. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, एक, सहा आणि अकरा. आमच्या मजल्यावरची सगळी मंडळी सहावर दाटीवाटीने बसली होती. आम्ही अकरावर गेलो. घरातली उपकरणं पुन्हा एकेक करून जोडत बसायला नको म्हणून नाव आणि पासवर्ड मात्र जुनाच ठेवला. बेडरूममध्ये जाऊन ५ गिगाहर्ट्झवर मोजलं, १७० च्या पुढे. बायकोने दोनदा मोजून खात्री केली आणि लॅपटॉप गॅसपासून कायमचा हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दामलेकाका. "तुमचं नेट गेलंय का रे? कालपासून सारखं गोल गोल फिरतंय." मी म्हटलं, "नाही काका, उत्तम आहे. पण तुम्हाला कसं कळलं?" काकांनी ते ऐकलं नाही, किंवा त्यांना ते ऐकायचं नव्हतं. "मी तुला म्हटलं होतं, नवे राउटर फालतू असतात. काल मॅच पुरी बघता आली नाही." आई आतून म्हणाली, "अरे, लॉकडाऊनमध्ये त्यांना विजेचं बिल भरायचं होतं, म्हणून मीच दिला होता पासवर्ड. एकदाच." ते एक बिल काका गेली काही वर्षं भरत होते, पंचावन्न इंची टीव्हीवर.

घरात आता सबबींचा दुष्काळ आहे. चिरंजीवांची टेस्ट पहिल्या फटक्यात सबमिट होते आणि मार्कही पहिल्या फटक्यात कळतात. नव्या राउटरच्या अॅपमध्ये कुठल्या फोनने किती वाजता किती डेटा ओढला हे दिसतं, त्यामुळे रात्री दीडला तो फिजिक्स करत नव्हता हे उघड झालं. त्याच अॅपने आईच्या टॅबवर पहाटे दोनपर्यंत मालिका चालते हेही दाखवलं, तेव्हापासून आईचा अॅप या प्रकारावर विश्वास नाही. रविवारी ती नेहमीच्या ठिकाणी स्तब्ध झाली. तोंड किंचित उघडं, हात हवेत. न्यू जर्सीहून खणखणीत आवाज आला, "वहिनी, मागचा पंखा फिरतोय की!" त्या दिवशी गुडघा टाक्यांपर्यंत ऐकावा लागला. माझंही सांगतो. सोमवारी कॅमेरा चालू ठेवावा लागतो, आणि या हंगामात मटार सोललेले विकत आणले.

जिच्यासाठी हा खटाटोप झाला, ती तरी सुखी असेल असं मला वाटत होतं. पण तिच्या टीममध्ये बातमी पसरली. "मॅडम, तुमचं कनेक्शन एकदम स्टेबल आहे, प्रेझेंटेशन तुम्हीच शेअर करा." मग मिनिट्स तिनेच घ्यायची. मग क्लायंट चुकून लवकर आला तर त्याच्याशी बोलत बसायचं तेही तिनेच, कारण बाकीच्यांचं नेट स्लो. परवा ती लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात गेली, जुन्या डब्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, याचं वायफाय परत चालू करता येतं का? फक्त गुरुवारी, चार ते पाच."

करता येईल का, ते बघतोय. दामलेकाकांचाही तोच अर्ज आलेला आहे, त्यांना फक्त सगळे दिवस हवे आहेत.